जुना कॉम्प्युटर: आधी बॅकअप, मग वेग

मागच्या वैशाखात नाशिकरोडला सासुरवाडीला गेलो. चपला काढतोय तोच अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आतून हाक मारली. "जावईबापू, जरा बघा हो याच्याकडे. बटण दाबतो, देवपूजा उरकून येतो, तरी पडद्यावर ते ठिपके गोल गोल फिरतच असतात."

अण्णा प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हा, २०१३ साली, हा डेस्कटॉप असेंबल करून घेतला होता. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मूळचं विंडोज ७, पुढे विंडोज १०. आत २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो, नातवाचं बारसं, सोसायटीचे सात वर्षांचे हिशेब, पेन्शनची स्कॅन केलेली कागदं आणि अण्णांनी चार वर्षं खपून टाइप केलेली घराण्याची वंशावळ. या सगळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मेहुण्याचं मत होतं, नवीनच घेऊन टाकू. दुकानदाराने सांगितलं होतं, रॅम वाढवा. मी टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १२ टक्के, रॅम ६० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क १०० टक्के. दहा मिनिटं झाली तरी शंभरच. रोग तिथे होता.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात संथ भाग आणि सगळ्यात आधी दगा देणारा भाग बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे फिरती हार्ड डिस्क. ती बदलली की वेगही येतो आणि धोकाही कमी होतो. पण बदलण्याआधी तिच्यातलं सगळं सुखरूप बाहेर काढायला हवं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. मी एकदा मोडला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क टिकटिक करत होती आणि मी 'जरा फास्ट होईल' म्हणून तिच्यावर रात्रभर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग मांडणारं काम, लावून झोपलो. सकाळी डिस्क दिसेनाशी झाली. मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्यात गेले. जे आज आहेत, ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केलेले, धूसर.

पायरी १: निदान

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' म्हणा आणि 'परफॉर्मन्स' हा भाग उघडा. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही न उघडता नुसतं बघत बसा.

डिस्क सतत शंभरीला टेकलेली आणि बाकी सगळं निवांत असेल, तर अण्णांचीच केस. रॅम ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. रॅम कमी पडली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवतं, त्यामुळे डिस्कही शंभरावर जाते. तेव्हा दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. काहीही न करता प्रोसेसरच ८० टक्क्यांवर असेल तर एखादा प्रोग्राम बिथरलाय किंवा नको ते काहीतरी आत शिरलंय.

याच पानावर प्रोसेसरचं नाव, रॅमचे किती खाचे भरलेत आणि डिस्क 'एचडीडी' (फिरती) आहे की 'एसएसडी' (चिपची, न फिरणारी), हेही दिसतं. कागदावर लिहून ठेवा. दुकानात हा कागद हातात असलेल्या माणसाला दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पायरी २: बॅकअप, आणि तोही आजच

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, १ टीबीची घरगुती वापराला पुष्कळ होते. पेनड्राइव्हवर विसंबू नका. तो हरवतो, खिशातून धुण्यात जातो आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातली माहिती टिकेलच याचा भरवसा नाही. नेटवर किंवा फुटपाथवर अगदी स्वस्तात '२ टीबी पेनड्राइव्ह' मिळतो, तो शुद्ध फसवणूक असतो. आत चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची. कॉम्प्युटरला २ टीबी दिसतात, कॉपी झाल्यासारखी वाटते आणि पहिल्या काही फोटोंनंतरच्या सगळ्या फाइली उघडत नाहीत.

डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर येत असेल, तर डीफ्रॅग, चेकडिस्क, व्हायरस स्कॅन यातलं काहीही चालवू नका. आजारी डिस्कला हे सगळं म्हणजे ताप आलेल्याला पांडवलेणी चढायला लावणं. सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी कॉपी करा, मग त्याखालचं. डिस्क दिसतच नसेल तर घरी प्रयोग न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक वेळी बंद-चालू करण्यात उरलेली शक्यता कमी होत जाते.

काय काय घ्यायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. विसरतं ते वेगळंच:

- टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर तिचं डेटा फोल्डर. ते बहुधा सी ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हच्या कोपऱ्यात असतं, नेमकी जागा टॅलीच्या पडद्यावरच दिसते.
- ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड.
- स्कॅनरचं फोल्डर. जुन्या स्कॅनरची सॉफ्टवेअरं भलत्याच ठिकाणी फाइली टाकतात.
- जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक.
- मराठी फॉन्ट.

हा शेवटचा मुद्दा फक्त आपल्यालाच पडणारा आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या इंग्रजी व्हिडिओत तो तुम्हाला कुणी सांगणार नाही. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत, रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव असल्या फॉन्टांत टाइप करत होतो. त्या फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांकच साठवलेले असतात, त्यांना देवनागरीचा चेहरा देतो तो फॉन्ट. फाइल नव्या कॉम्प्युटरवर नेली आणि फॉन्ट मागे राहिला, की अख्खी वंशावळ 'झेडएक्सक्यू' छापाची दिसते. अण्णांनी एकदा भाच्याच्या लॅपटॉपवर ती उघडली होती आणि व्हायरसने खाल्ली असं समजून दोन दिवस जेवले नव्हते.

उपाय तीन, तिन्ही करा. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'फॉन्ट्स' आहे, तिथून ते फॉन्ट उचलून बॅकअपमध्ये ठेवा. प्रत्येक महत्त्वाची फाइल जुन्या कॉम्प्युटरवरच पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. आणि सवडीने मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफार आणि जोडाक्षरंही घसरतात. वंशावळीत नावं चुकली तर भांडणं लागतील, म्हणून अण्णा आणि सासूबाई दोघांनी बसून ती ओळ न् ओळ ताडून पाहिली.

कॉपी करताना 'कट' कधीच नको, 'कॉपी'च. संपल्यावर मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार. तेच नकलेवर बघा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. अण्णांच्या वेळी मुळात १८,४१२ फाइली होत्या, नकलेत १८,४०९. त्या तीन फाइली सिंहस्थाच्या फोल्डरात सापडल्या, डिस्कला त्या वाचताच येत नव्हत्या. तिसऱ्या प्रयत्नात दोन आल्या. एक गेली. मग नकलेतले पाच-सहा फोटो, एखादा व्हिडिओ आणि एक एक्सेल प्रत्यक्ष उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

लॅपटॉप असेल तर आणखी एक. काही लॅपटॉपांची डिस्क विंडोज आपणहून कुलूपबंद करतं. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतं आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला परका. काम सुरू करण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती शोधा आणि कागदावर उतरवा.

पायरी ३: डिस्कची नाडी

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. उघडलं की वर डिस्कची तब्येत एका शब्दात येते, 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड'. खालच्या यादीत तीन ओळी महत्त्वाच्या आहेत, ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने स्वतःहून बाद करून दुसरीकडे हलवलेले भाग. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयित ठरवलेले. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही न सुधारलेले. तिन्हींच्या पुढे शून्य असावं. आकडा असेल आणि आठवड्याने तो वाढलेला दिसला, तर डिस्कचे दिवस भरले.

तिथेच डिस्क एकूण किती तास चालली हेही दिसतं. रोज आठ तास म्हणजे वर्षाला साधारण २,९००. अण्णांची २६,००० पार करून गेली होती आणि सी५ समोर शून्य नव्हतं.

पायरी ४: झाडलोट

ही पायरी रविवारी सकाळी, मिसळ खाऊन झाल्यावर करावी. कारण हात नंतर धूळच धूळ होतात.

कॉम्प्युटर शटडाउन करा, पिन भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. कॅबिनेट गच्चीत किंवा व्हरांड्यात न्या. डावीकडचा पत्रा सहसा मागच्या दोन स्क्रूंवर असतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज तिथे जाऊ द्या. मऊ कोरडा रंगाचा ब्रश आणि हवेचा ब्लोअर एवढंच पुरे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत नको, तो स्थिर वीज तयार करतो. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही. पिन काढलेली असली तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढा भार राहू शकतो.

अण्णांच्या प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता, करड्या लोकरीसारखा, सोलून काढावा लागला. त्याच्यामागे एक वाळलेली पाल. सासूबाईंनी "कॉम्प्युटर आधी बाहेरच ठेवा" असं फर्मान काढलं. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, तेव्हा ही सफाई नुसत्या दिसण्यासाठी नाही. पंखा काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा.

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, भुगा ब्रशने झाडा आणि पट्टी 'टक' होईपर्यंत परत बसवा. 'बीप बीप करतो आणि चालू होत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्याने मिटतात.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, एक रुपयाच्या नाण्याएवढी गोल बॅटरी दिसेल, सीआर२०३२, ३ व्होल्टची. घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की कॉम्प्युटर दरवेळी जुनीच तारीख दाखवतो. मग बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत आणि तुमची तारीख जुळत नाही. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

लॅपटॉपचा टचपॅड वर आल्यासारखा किंवा खालचा भाग फुगल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे. वापर तिथेच थांबवा, चार्जिंगला लावू नका, टोचू तर मुळीच नका.

पायरी ५: एसएसडी

सगळ्या लेखातला खरा खर्च आणि खरा फरक इथे आहे.

डेस्कटॉपच्या फिरत्या डिस्कमध्ये तबकडी सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वाचणारं डोकं इकडून तिकडे सरकतं. डोकं सरकायला ८-९ मिलिसेकंद, हवा तो भाग खाली यायला सरासरी ४. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० वेळा 'हे आण, ते आण' होतं. आपल्या सार्वजनिक वाचनालयात एकच माणूस प्रत्येक पुस्तकासाठी कपाटापर्यंत चालत जातो आहे असं समजा. विंडोज सुरू होताना तर हजारो लहान फाइली एकाच वेळी मागतं. एसएसडीमध्ये फिरणारं, सरकणारं काही नसतंच. ती असली कामं सेकंदाला हजारोंनी करते.

२०१३-१४ च्या बहुतेक कॉम्प्युटरांना अडीच इंची साटा एसएसडी लागते (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची केबलची पद्धत). दुकानदार एनव्हीएमई दाखवेल, जी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. तुमच्या बोर्डवर तिची खाच आहे का हे आधी पाहा. अण्णांच्या बोर्डवर साटाचा जुना, निम्म्या वेगाचा प्रकार होता. "मग एसएसडीचा उपयोग काय?" असं मेहुण्याने विचारलं. उपयोग आहे, कारण आपण सलग वेगासाठी नाही, शोधण्यातला उशीर घालवण्यासाठी ती घेतोय. घरी ४८० किंवा ५१२ जीबीची घ्या. २४० मध्ये विंडोज मावतं, पण वर्षभरात ओढाताण सुरू होते. नाव ऐकलेल्या कंपनीची आणि बिलासकट घ्या, वॉरंटी तीन ते पाच वर्षांची असते. एमजी रोडवर एका दुकानात न थांबता तीन दुकानांत भाव विचारा.

आता जुनं विंडोज जसंच्या तसं नव्या डिस्कवर न्यायचं, की कोरी पाटी करायची? जशीच्या तशी नक्कल करायला क्लोनझिला मोफत आहे, पण तिला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. ५०० वरून ४८० वर जाताना ती सहसा अडून बसते. माझं मत विचाराल तर बारा वर्षांचा कचरा नव्या घरात न्यायचाच कशाला? कोरं विंडोज टाका.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा, त्यावर विंडोज टाकायची तयारी तेच करतं. हा पेनड्राइव्ह मग आपल्या कॉम्प्युटरला लावायचा. मग जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. 'नंतर काढू' नको. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकलं की चुकून जुनीच पुसली जाते, किंवा विंडोजचा सुरू होण्याचा भाग जुनीवर जाऊन बसतो आणि जुनी काढल्यावर कॉम्प्युटर उठत नाही. तीच केबल एसएसडीला लावा. बायॉसमध्ये जाऊन साटाचा प्रकार 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा आणि पहिली पसंती पेनड्राइव्हला द्या. विंडोज अस्सल असेल तर नवी चावी लागत नाही. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. चावी विचारली तर 'माझ्याकडे चावी नाही' म्हणून पुढे जा, इंटरनेट मिळालं की ते आपोआप ओळखतं.

अण्णांचा कॉम्प्युटर आता २८ सेकंदांत उभा राहतो. पहिल्यांदा चालू केल्यावर ते सवयीने देवघराकडे निघाले होते, दारातून परत आले.

जुनी डिस्क पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा. निदान तीन महिने. 'अरे, ते एक फोल्डर राहिलं' हे वाक्य तीन महिन्यांत एकदा तरी येतंच. आणि एसएसडीवर डीफ्रॅगची सॉफ्टवेअरं चालवू नका, तिची निगा विंडोज स्वतः घेतं. पाचवा हिस्सा तेवढा रिकामा ठेवा.

पायरी ६: रॅम

४ जीबी असेल तर ८ करा, घरगुती वापराला त्यापुढे गरज नाही. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीची दुसरीत बसत नाही. बळ लावू नका. काही लॅपटॉपांना कमी व्होल्टेजची, म्हणजे १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल लागते, म्हणून जुनी पट्टीच दुकानात घेऊन जा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर एसएसडी आधी.

पायरी ७: आतला पसारा

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' आहे. तिथे प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ कॉलची तीन सॉफ्टवेअरं, गाण्यांचं एखादं, असे सगळे सकाळी सकाळी रांगेत उभे असतात. अँटिव्हायरस आणि टचपॅड-साउंडचे ड्रायव्हर सोडून बाकीच्यांना 'डिसेबल' करा. ते प्रोग्राम जात नाहीत, फक्त बोलावल्यावर येतात.

अँटिव्हायरस एकच. दोन असले की ते एकमेकांवर पाळत ठेवतात आणि कॉम्प्युटर दमतो. घरच्यासाठी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'रजिस्ट्री बूस्टर' असलं काही दिसलं तर बिनदिक्कत काढा. तुमच्याकडे ३,००० चुका आहेत असं सांगून पैसे मागणं हाच त्यांचा धंदा. ओळखीच्याने 'टाकून दिलेलं' फुकटचं ऑफिस किंवा अ‍ॅक्टिवेटर हा घरगुती कॉम्प्युटरात घाण येण्याचा हमरस्ता आहे. पत्रं आणि हिशेबापुरतं मोफत लिब्रेऑफिस उत्तम चालतं.

उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय' असे डबे येत असतील, तर बहुधा तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी नावं काढा.

पायरी ८: विंडोज १० चं काय करायचं

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण सुरक्षेची नवी ठिगळं येणं थांबतं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ जाहीर केली. विंडोज २२एच२ आवृत्तीचं हवं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो.

विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. अट चुकवून टाकायच्या युक्त्या फिरतात, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं तिथे मी असल्या युक्त्या करत नाही.

उरतो लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतो. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, हे चार तपासा. नुसतं ब्राउझर, ईमेल, फोटो आणि पत्रं एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर तो सुखात धावतो. टॅली, डिजिटल सिग्नेचरचं डोंगल किंवा जुनं श्रीलिपी रोज लागत असेल तर विंडोज सोडू नका. अण्णांच्या मशीनवर सध्या मुदतवाढीचं विंडोज आहे, आणि मिंटचा पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात तयार आहे.

पायरी ९: बॅकअपची सवय

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

घराबाहेर का, हे नाशिककराला समजावून सांगावं लागू नये. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तो बुडाला तेव्हा सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. कॉम्प्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलाच्या एकाच खणात असतील तर पूर, चोरी, शॉर्टसर्किट, काहीही झालं तरी दोन्ही एकदमच जातात. अण्णांची दुसरी डिस्क इंदिरानगरला मेव्हणीकडे असते. तिची अण्णांकडे. सणावाराला भेटले की डिस्कची अदलाबदल.

पहिल्या डिस्कसाठी विंडोज १० मध्ये 'फाइल हिस्टरी' आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, बॅकअप, तिथे 'अ‍ॅड अ ड्राइव्ह'. डिस्क जोडलेली असताना दर तासाला बदललेल्या फाइलींच्या आवृत्त्या ती घेत राहते. चुकून खोडलेला मजकूर कालच्या आवृत्तीतून परत मिळतो. पण डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेलं सगळं तो कुलूपबंद करतो. लावा, बॅकअप घ्या, 'इजेक्ट' करा, काढा.

कधी घ्यायचा? मोबाइलवर लावलेली आठवण अण्णा पुसून टाकायचे. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. दर संकष्टीला. चंद्रोदयाची वाट बघत तसंही बसायचंच असतं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख आधीच छापलेली.

गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात. कागदपत्रांपुरती ती जागा छान. मात्र 'सिंक' म्हणजे बॅकअप नव्हे, कॉम्प्युटरवर खोडलेली फाइल तिकडूनही खोडली जाते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते. आधार, पॅन, पासबुक असलं काही वर ठेवायचं तर सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून ठेवा आणि पासवर्ड घरच्या डायरीत लिहा. डायरी कुठे आहे ते बायकोला माहीत हवं.

वर्षातून दोनदा, आमच्याकडे पाडव्याला आणि दिवाळीत, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर डिस्क लावून चार फाइली उघडून पाहायच्या.

पायरी १०: वीज

वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढा. राउटरची पिन आणि कॉम्प्युटरला येणारी नेटची वायरसुद्धा, वीज त्या वाटेनेही येते. यूपीएस फाइल जतन करून नीट बंद करण्यापुरता असतो, त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्याचा झटका यूपीएसला झेपत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर अर्थिंग गेलंय. आधी वायरमनला बोलवा, मग एसएसडी आणा.

कधी खर्च करू नये, तेही सांगतो. कोअर टू ड्युओ आणि २ जीबी रॅम असेल, किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगले असतील, तर त्या मशीनवर पैसे घालू नका. डेटा काढा आणि भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या. नुसत्या क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

अण्णांची जुनी ५०० जीबीची डिस्क तीन महिन्यांनी मी परत मागितली, नीट पुसून टाकावी म्हणून. सासूबाईंनी देवघराखालच्या कपाटातून चिवड्याचा स्टीलचा डबा काढला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेली डिस्क, आणि वर अण्णांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: 'सिंहस्थ २०१५. एक फोटो अजून आत आहे. पुसू नये.'